किलोचं माहेर

(बाळांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. समजा, साल एकोणीसशे अठ्ठावन्न आहे आणि तुम्ही वर्धेजवळच्या आंजी मोठीच्या शाळेत, मागच्या बाकावर गुपचूप बसला आहात. महालक्ष्म्या कालच उठल्या, म्हणून शाळेला आज सुट्टी. शेर आणि मण जाऊन आता किलोची वजनं येणार आहेत. मुलांना त्यांची नावं नीट म्हणता येतात का, ते ऐकायला उद्या साहेब येतील. टेबलावर सरकारने पाठवलेली कोरी लोखंडी वजनं मांडली आहेत. त्यांच्या एका बाजूला अच्युत गुरुजी बसले आहेत. दुसऱ्या बाजूला रूपरावांची धाकटी लेक भागी उभी आहे, वय वर्षं अकरा. चाहूल लागू देऊ नका. दोघांचं बोलणं मघापासून चाललं आहे.)

गुरुजी: ...म्हणून घाई करू नकोस. पुन्हा म्हण, वरून खाली. किलो, हेक्टो...

भागी: नाई म्हणत.

गुरुजी: का गं? पोळ्याच्या आधी तर झोपेतसुद्धा म्हणत होतीस, असं तुझे बाबा सांगत होते.

भागी: पयले मले सांगा, खरं कोणाचं? हरिभाऊ मास्तर किलॉमिटर म्हणते. ताराचंद शेठच्या दुकानात किल्लो म्हणते. बाबा जाम गावच्या नाक्यावर गेलते तं तिथं सारे किलू म्हणून राह्यलते. अन् आमची बुढी तं हेक्टोले हेकट म्हणते.

गुरुजी: आजीचं फार चुकत नाही. जिभेवर यायला हेकटच आहे तो.

भागी: हासू नका, गुरुजी. एकाच शब्दाले चार जण चार नावानं हाक मारते. मंग त्याले कसं समजावं का आपल्यालेच बोलावून राह्यले?

गुरुजी: बरं, नाही हसत. हे वजन उचल. दोन्ही हातांनी, पायावर पडेल. काय आहे ते?

भागी: किलोग्राम.

गुरुजी: किलॉग्रम का नाही म्हणालीस?

भागी: असं कोणीच म्हणत नाई. हरिभाऊ मास्तरबी नाई म्हणत.

गुरुजी: मग पुढे मीटर आला की किलोची मान का मुरगळायची? हरिभाऊंना नावं ठेवू नकोस. त्यांच्या कानावर इंग्रजी पडलेलं आहे, त्यांच्या जिभेला तो हेलकावा लागला आहे. आपण आपलं सोपं धरू. किलो ही एक खोली, मीटर ही दुसरी. मधे उंबरठा. पहिली खोली पूर्ण चालायची, उंबरठा ओलांडायचा, मग दुसरी. पुढे ग्राम येवो, मीटर येवो, लिटर येवो, किलो आपला तसाच. हेक्टोही तसाच, डेकाही तसाच.

भागी: किलो... मीटर.

गुरुजी: इतकं थांबू नकोस. उंबरठ्यावर बसायचं नसतं.

भागी: किलोमीटर. हेक्टोमीटर. डेकामीटर.

गुरुजी: वा. आलं की नाही?

भागी: आलं. पण हे काई त्यांचं खरं नाव नोहे.

गुरुजी: म्हणजे?

भागी: तुमीच सांगतलं होतं. हे शब्द फ्रान्सवाल्यायनं वजनांले लावले, पण त्यांचं माहेर ग्रीस देशातलं हाये. मंग माहेरी त्यांले काय म्हणते?

गुरुजी: हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता, भागे. थांब, जरा आठवू दे. नागपूरला शिकत होतो तेव्हा एक म्हातारे पाद्री होते. ग्रीक भाषेतली पोथी रोज वाचायचे. मी त्यांच्या मागे लागून थोडं म्हणायला शिकलो होतो. आधी सोपं घेऊ. डेका म्हणजे दहापट. ग्रीसमध्ये जीभ वर टाळूला नाही लावत, दातांना लावतात. देका.

भागी: देका.

गुरुजी: आता संस्कृतातला दहा म्हण. तुला गणपतीच्या आरतीनंतरचे श्लोक येतात, त्यात असतो.

भागी: दश.

गुरुजी: दोन्ही एकापाठोपाठ म्हण.

भागी: दश. देका. दश, देका... गुरुजी, ह्या तं बहिणी वाटते.

गुरुजी: आहेतच. फार पूर्वी एकाच घरात जन्मल्या. एकीला इकडे दिली, एकीला तिकडे. दोघींची बोली त्या त्या घरासारखी झाली.

भागी: अन् मंग भेटल्या तं ओळखत नाईत एकमेकींले?

गुरुजी: बरीच वर्षं नाही ओळखलं. मग काही जाणत्या लोकांनी दोघींना शेजारी बसवून ओळख पटवली. शंभराचंही तसंच. तिथे हेकातोन म्हणतात. त्यातला पहिला हे सोड, उरलेलं कातोन घे, आणि आपलं शतम् घे. तिथे क म्हणतात, आपल्याकडे श म्हणतात. बाकी चेहरा सारखा.

भागी: कातोन, शतम्. अन् किलो?

गुरुजी: हजार. त्याचं नाव खिलिओइ. त्यात ख आहे, नीट फुंकर मारून म्हणायचा. आपल्या सहस्रमधला हस्र आहे ना, तो याचा सख्खा भाऊ, असं जाणते म्हणतात. तळहात तोंडापुढे धर आणि म्हण.

भागी: खिलिओइ. लागली फुंकर. किलो... किलोले नाई लागत.

गुरुजी: ती वाटेत सांडली. फ्रान्सच्या लोकांच्या तोंडी तसा ख नव्हता. त्यांनी क केला आणि मागचं शेपूट छाटून टाकलं.

भागी: न इचारता?

गुरुजी: शब्दाला कोण विचारतं, भागे?

भागी: शकूबाईलेबी नाई इचारलं कोणी.

गुरुजी: शकूचं काय मधेच? महालक्ष्म्यांना आली आहे ना पुलगावहून? मला म्हटलं होतं तिने, भेटून जाईन म्हणून.

भागी: ते शकूबाई नाई आली. दुसरीच कोणी आली.

गुरुजी: भागे, असं बोलू नये बहिणीबद्दल.

भागी: तुमाले मालूम नाई काय झालं ते. लग्नात तिचं नाव बदललं, हे तं मलेबी मालूम होतं. ताटात तांदूळ पसरून जवाईबापूनं अंगठीनं अनुसया लिहिलं, अन् साऱ्यायनं पेढे खाल्ले. मीबी खाल्ले. मले वाटलं, लिहिलं तं लिहिलं. तांदूळ मंग शिजवूनच टाकते.

गुरुजी: मग?

भागी: परवा जेवणाचा दिवस होता. सोळा भाज्या, आंबील, पुरण. घर पाहुण्यायनं भरलं होतं. माय चुलीपाशी होती. मायनं हाक मारली, शकू, पानं आण. शकूबाई समोरच बसून फुलवाती करून राह्यलती. तिनं मान वर नाई केली. मायनं आणखीन एक खेप मारली, जोरानं. तरी नाई. मले वाटलं, गंमत करून राह्यली.

गुरुजी: ऐकू गेलं नसेल. गर्दी असते.

भागी: मंग तिच्यासंग आलेली नणंद ओसरीतून बोलली, अनुसया. हळूच बोलली, गुरुजी. तशी हे धडपडत उठली. जी, आली, म्हणे. मांडीवरच्या साऱ्या वाती खाली सांडल्या.

गुरुजी: शकू? आपली शकू?

भागी: हो. अन् माय तशीच उभी. हातात पळी. वरण उतू जाऊन राह्यलं तं तिले समजलंबी नाई. मंग मायनंच हाक मारली. अनुसया, म्हणे, पानं आण.

गुरुजी: तुझ्या मायने?

भागी: आमच्याच चुलीपाशी.

गुरुजी: मला जरा पाणी दे त्या माठातलं. जिने पाळण्यात हे नाव ठेवलं, तिनेच... आणि तू काय केलंस?

भागी: मी साऱ्यायसमोर बोलली. म्हनलं, हे आमची शकूबाई नाई, आमच्या शकूबाईले कान होते. हे पाहुणी हाये. हिले पाटावर बसवा अन् आग्रह करून वाढा.

गुरुजी: अरे देवा. लोक?

भागी: हासले. ते नाई हासली. तवापासून मी बोलली नाई तिच्याशी. रात्री माह्या बाजूनंच निजते, तरी नाई. आज जाते म्हणे. बाबा बैलायच्या दमणीनं वर्धेच्या ठेसनापर्यंत सोडते.

गुरुजी: आज? आणि तू इथे वजनं म्हणत उभी?

भागी: मी जात नाई निरोप द्याले. अन् आणखीन एक ठरवलं. उद्या साहेबापुढं मी किलो म्हणणार नाई. खिलिओइ म्हणीन, फुंकर मारून. देका म्हणीन. कोणी तरी म्हनलं पाह्यजे त्यांचं खरं नाव.

गुरुजी: साहेबांना कळणार नाही, भागे.

भागी: नाई तं नाई.

गुरुजी: असं बघ. ही वजनं कशासाठी आली? पुलगावचा शेर वेगळा, नागपूरचा वेगळा, शेतकऱ्याने कुठल्या शेराने विकायचं आणि कुठल्या शेराने घ्यायचं ते त्याला कळेना, म्हणून. ताराचंदच्या दुकानापासून दिल्लीपर्यंत एकच वजन आणि एकच हाक. तू खिलिओइ म्हटलंस तर समोरच्याने काय समजायचं? चारचौघांत किलोच म्हणावं लागतं.

भागी: म्हणजे तुमीबी मायसारखेच. नवीन घरचे म्हणते तसंच सारे म्हणते. मंग पयलं नाव कोणी घ्याचं?

गुरुजी: हे ऐकायची माझी तयारी नव्हती, पोरी. थांब. खोटं उत्तर द्यायचं नाही, म्हणून थांब म्हणतो... दारात कोण उभं आहे गं? उन्हामुळे दिसत नाही मला. रूपरावांची... शकू ना? शकू, ये ना आत.

भागी: पाह्यलं, गुरुजी?

गुरुजी: शकू. अगं, मी आहे, गुरुजी.

भागी: आता पाह्यलं का? खाली पाहून राह्यली. पदर चाळवून राह्यली.

गुरुजी: मी... हो. पाहिलं.

शकू: जी. मी... मले बोलावलं तुमी. माफ करा, गुरुजी. पाया पडते. भागीले पाहाले आलती. दमणी जुंपून झाली.

गुरुजी: बस इथे. हाच तुझा बाक. हजेरीत तुझं नाव तोंडातून निघायच्या आधी तुझं 'हजर' यायचं. आठवतं?

शकू: आठवते.

गुरुजी: मग आत्ता काय झालं? ऐकू नाही आलं?

शकू: आलं. दोन्ही खेपा आलं.

भागी: मंग काऊन नाई पाह्यलं वर? मायच्या चुलीपाशीबी आलतं का ऐकू?

शकू: आलतं.

भागी: अन् तरी बसून राह्यली? गुरुजी, हे बोलते तरी काय?

गुरुजी: भागे, गप. तिला सांगू दे.

शकू: आमच्या घरी एक शकू आंधीचीच हाये, गुरुजी. माह्या सासूचं नाव शकूबाई. एका घरात दोन कशा राहतीन? सुनेले सासूचं नाव ठेवत नाईत. म्हणून अनुसया.

भागी: हे आमाले कोणी नाई सांगतलं.

शकू: सांगाचं काय त्यात. सासूबाई चांगल्या हायेत. पण आजेसासरे हायेत, त्यांले दिसत नाई. दिवसभर खाटेवर. अन् दिवसभर आपल्या सुनेले हाका. शकू, पाणी दे. शकू, तंबाखू कुठं ठेवला. शकू, दारात कोण आलं. नवीन नवीन मी उठायची. लग्नाले आठ दिवस झाले नव्हते. म्हाताऱ्यानं शकू म्हनलं, मी धावत गेली, पाण्याचा गडू हाती देल्ला. सारे हासले. नणंद म्हणे, आलीस नाई तोच मायच्या जागेवर बसाले निघालीस का, वहिनी? सासूबाई काई बोलल्या नाई, पण हातातलं काम सोडून आत गेल्या.

गुरुजी: आणि मग तू?

शकू: मंग म्या मानेले शिकवलं. नाव कानावर आलं का खाली पाह्यचं. भाकर असली तं भाकरीकडं पाह्यचं, वात असली तं वातीकडं. पयले पयले लय जड गेलं. आता आपोआप होते.

भागी: म्हणजे तिथं...

शकू: सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या घरात माह्यंच नाव फिरते, भागे. अन् त्यातली एकबी हाक माही नसते. आत उठते मी. दर खेप उठते. नुसती बाहेर दिसत नाई. मायनं बोलावलं तवाबी आत उठलीच होती. मंग नणंदेनं अनुसया म्हनलं, अन् मले भान आलं का हे माहेर हाये, मायची हाक तं खरोखर माहीच होती. तोवर मायनं... तुमाले सांगतलंच असंन हिनं.

गुरुजी: सांगितलं.

शकू: मायच्या तोंडून अनुसया ऐकलं तवा वाटलं, आता झालं. आता कुठंच नाई राह्यलं.

भागी: मले काऊन नाई सांगतलं हे?

शकू: त्या रात्री सांगणार होती. साऱ्या वाटेनं तेच ठरवून आलती का भागीजवळ बोलीन. तू पाटावर बसवलं मले.

भागी: मी... मले वाटलं तू इसरली.

शकू: मालूम हाये.

गुरुजी: भागे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार होतो. आता मला द्यावंसं वाटत नाही. तूच बघ.

शकू: काय प्रश्न?

गुरुजी: किलोचा. सांगेल ती तुला.

शकू: ते नवीन वजनायचं? मी आली त्या दिवशी तू मायले म्हणून दाखवून राह्यलती, मले पाहून थांबली. म्हणून दाखव नं. जाता जाता ऐकते.

भागी: कोणतं म्हणू? माहेरचं का सासरचं?

शकू: त्यांलेबी दोन दोन नावं हायेत?

भागी: हो.

शकू: तुले दोन्ही येते?

भागी: येते. गुरुजीनं आताच शिकवलं.

शकू: मंग दोन्ही म्हण. एक कायले सोडते?

भागी: खिलिओइ, किलो. हेकातोन, हेक्टो. देका... देका, डेका.

गुरुजी: रडत रडतसुद्धा फुंकर बरोबर मारलीस.

शकू: पयलं तं लय गोड हाये. अन् उद्या साहेबापुढं?

भागी: साहेबापुढं किलो. ते साऱ्यायले समजलं पाह्यजे. पूर्ण किलो म्हणीन, मंग उंबरठा, मंग मीटर. पण तळहात तोंडापुढं धरून मनात खिलिओइ म्हणून घेईन. साहेबाले काय समजते?

गुरुजी: साहेबांना काही समजणार नाही. मी सांगणारही नाही.

शकू: येते मी, गुरुजी. बाबा कवाचे आवाज देऊन राह्यले. गाडी चुकंन.

गुरुजी: ये हो, बाळ. सांभाळून जा.

शकू: गुरुजी.

गुरुजी: काय गं?

शकू: बाळ तं तुमी साऱ्यायलेच म्हणता.

गुरुजी: ...ये, शकू.

शकू: जी.

गुरुजी: गेली... भागे, अगं दमणीपर्यंत तरी जायचं. कुठे चाललीस? त्या ओट्यावर कशाला चढतेस?

भागी: इथून रस्ता दिसते. शकूबाई!

गुरुजी: मान खालीच आहे तिची.

भागी: थांबा तुमी. शकूबाई!

शकू: ओ.

भागी: काई नाई. नुसतीच मारली हाक.

शकू: मार आणखीन.

भागी: शकूबाई!

शकू: ओ.

गुरुजी: नाल्यापलीकडे गेली दमणी. बाभळींच्या आड झाली, आता काही दिसत नाही. उतर खाली, भागे. किती वेळ उन्हात उभी राहशील?

भागी: थांबा नं, गुरुजी. अजूनबी ओ येऊन राह्यली.